सोलापुरात फॅमिली डॉक्टर राहून आरोग्य-विषमतेवर संशोधन करता येतं का?

एका तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे: एमबीबीएस झालं, फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी करायचा विचार आहे, घर सोलापुरात आहे आणि पुढे दवाखानाही इथेच काढायचा आहे. एकाच आजाराच्या गरीब आणि सुस्थितीतल्या रुग्णांचं पुढे इतकं वेगळं का होतं, याचा अभ्यास करावासा वाटतो. त्यासाठी दवाखान्याचा नाद सोडून पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेत जावं लागेल का? यात पोट भरतं का? आणि पेठेतल्या जनरल प्रॅक्टिशनरचं संशोधन कुणी वाचतं का?

करता येतं. दवाखान्याचा विचार सोडू नका. पोट दवाखान्यावरच भरावं लागेल, त्याबद्दल खाली लिहिते.

मी शहराच्या पूर्व भागात प्रॅक्टिस करते, तीन दशकं होत आली. माझे रुग्ण म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, घरी विड्या वळणाऱ्या आणि कांड्या भरणाऱ्या बायका, छोटे दुकानदार, आणि आता या सगळ्यांची शिकून नोकरीला लागलेली मुलं. एका सकाळच्या ओपीडीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. या रुग्णांमुळेच मी संशोधनाकडे वळले आणि आजही प्रश्न मला तेच देतात.

आधी फॅमिली डॉक्टरची जागा या अभ्यासासाठी इतकी मोलाची का, ते सांगते. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-इंग्लंडच्या माहितीवरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली तर महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो एक. आपलं बहुतेक वैद्यकीय ज्ञान त्या एकाला पाहून तयार झालेलं असतं. आपल्याकडे आकडे वेगळे निघतील, पण उतरंड अशीच आहे. सिव्हिलच्या वॉर्डात बसलेल्या संशोधकाला पोचलेला माणूस दिसतो. वाटेत गळलेला माणूस त्याला दिसू शकत नाही, आणि विषमता नेमकी त्या गळतीत असते. फॅमिली डॉक्टरला मात्र कळतं की थोरल्या सुनेचा बीपी तपासून सहा महिने झाले, सासूची शुगरची गोळी बंद आहे आणि धाकटा दीर खोकतोय पण येत नाही. घरातलं कुणी ना कुणी येत राहतं, त्यामुळे न आलेल्यांचीही खबर लागते.

म्हणून माझं मुख्य म्हणणं एकच आहे. तुमच्या संशोधनाचा विषय आलेल्या रुग्णांपेक्षा न आलेले आणि यायचे थांबलेले रुग्ण असला पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे नाव तुम्ही पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्यशास्त्राच्या, तासाला ऐकलं असेल. वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात ते जनरल प्रॅक्टिशनर होते. १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की जिथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराचा जोर जितका जास्त तितकं हे उलटं गणित पक्कं होतं. हा सिद्धांत सगळे सांगतात. त्यांचं रोजचं काम मात्र फार कुणी सांगत नाही. ते गावातल्या प्रत्येक प्रौढाच्या रक्तदाबामागे लागले होते. दवाखान्यात कशासाठीही माणूस आला तरी बीपी मोजायचा, जे येत नाहीत त्यांची नावं काढायची, त्यांना शोधायचं. जवळजवळ सगळं गाव त्यांनी असं मोजून काढलं. हे जमलं कारण ब्रिटनच्या व्यवस्थेत प्रत्येक डॉक्टरकडे त्याच्या रुग्णांची ठरलेली यादी असते.

आपल्याकडे अडतं ते इथेच. माझ्याकडे यादी नाही, तुमच्याकडेही नसेल. आज माझ्याकडे आलेला माणूस उद्या पुढच्या चौकातल्या डॉक्टरकडे जाईल, परवा मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेईल. किती आले हे सांगता येतं, पण कितींपैकी आले हे सांगता येत नाही. अपूर्णांकाचा अंश हातात आहे, छेदाचा पत्ता नाही. नवीन डॉक्टर संशोधनाला बसतात तेव्हा नव्वद टक्के श्रम अंशावर घालतात आणि शेवटी शोधनिबंधाचा परीक्षक एका ओळीत विचारतो, छेद काय? तिथे पेपर संपतो.

छेद मिळवायच्या दोन वाटा मी वापरल्या आहेत. पहिली म्हणजे गेल्या दोन वर्षांत किमान दोनदा आलेला प्रत्येक माणूस ‘आपला’ धरायचा आणि त्यांचीच यादी करायची. त्यासाठी व्यक्तीऐवजी कुटुंबाची पत्रिका ठेवा. एका घराचा एक कागद, त्यात घरातली सगळी माणसं, आजवर दवाखान्याची पायरी न चढलेलीसुद्धा. दुसरी वाट जास्त कष्टाची पण जास्त भरवशाची. एक छोटा भाग निवडा, दोन-तीन गल्ल्या किंवा एखाद्या घरकुल वसाहतीतल्या काही रांगा, आणि घरोघर जाऊन सगळ्यांची नोंद करा. तिथे आशाताईंना आधी भेटा. तीस वर्षांवरच्या लोकांचे जोखीम तपासणीचे सीबॅक फॉर्म त्या भरतात आणि कोणत्या घराला दुपारी कुलूप असतं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या वेळेचा मोबदला मात्र तुमच्या खर्चात धरा. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत त्यांचं काम फुकट वापरलं जातं आणि विषमतेवरच्या अभ्यासात तरी ते होऊ नये.

घरोघर गेल्याने काय साधतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. शहरात कर्करोगाची नोंदणी करायची तर रुग्णालयांच्या आणि पॅथॉलॉजीच्या नोंदी गोळा करून भागतं. इथे तसं चाललं नसतं, कारण खेड्यातला रुग्ण निदानापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव गेली, लोकांशी बोलली, लक्षणं असलेल्यांना शोधून तपासायला आणलं. मग त्याच बळावर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. ५२ समूहांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. जगभर या तपासणीच्या धोरणामागे हा अभ्यास उभा आहे. बार्शी स्टँडवरून जिथे जाता येतं, तिथे केलेलं काम जग वाचतं.

याच अभ्यासाचा दुसरा भागही तुम्ही वाचलाच पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची नियमित तपासणी झाली नाही. त्यांना फक्त माहिती आणि नेहमीची उपलब्ध सेवा मिळाली. त्यावर पुढे कडक टीका झाली: तपासणीने जीव वाचतात हे इतरत्र माहीत असताना गरीब स्त्रियांचा एक गट तपासणीविना का ठेवायचा? अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर होतं की नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच. मला दोन्ही बाजू समजतात, तरी माझं मत टीका करणाऱ्यांच्या जवळ जातं. ‘इथे तसंही काही मिळत नाही’ या वाक्याचा आधार घेऊन रचलेला अभ्यास त्या न मिळण्याला गृहीत धरून चालतो. तुम्हाला अभ्यास आखताना हा प्रश्न पडेल तेव्हा आज ज्यांना काही मिळत नाही त्यांना उशिरा का होईना पण ते मिळेलच, अशी रचना शोधा. गल्ल्या टप्प्याटप्प्याने घेता येतात. आधी कोणती आणि नंतर कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तुलनाही होते आणि कुणी वगळलंही जात नाही.

आता माझ्या दवाखान्यातलं एक काम सांगते. प्रश्न साधा होता: बीपीचे कोणते रुग्ण गोळ्या सोडतात? तीन महिने पत्ता नाही तो गळलेला, अशी व्याख्या केली आणि गळलेल्यांची कामधंद्यानुसार वाटणी केली. विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये गळती सर्वांत ठळक. आम्हा डॉक्टरांची ठरलेली उत्तरं असतात: अज्ञान, पैसे नाहीत, त्रास होत नाही म्हणून सोडतात. आम्ही घरी जाऊन विचारलं. गोळ्यांचा खर्च बऱ्याच जणींनी अडचणीत धरलाच नाही, कारण अॅम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्त आहे. अडचण होती सकाळची.

विडी कामगार बाईची सकाळ समजून घ्या. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन ती कारखान्याच्या शाखेत जाते. तिथे तपासणी होते, खराब ठरलेल्या बाजूला काढल्या जातात, मग पुढच्या कामाची पानं आणि तंबाखू घेऊन ती घरी येते. पानं भिजवायची, कापायची, मग वळायला बसायचं. मजुरी हजार विड्यांवर. दवाखान्यात गेलेला प्रत्येक तास म्हणजे न वळलेल्या विड्या. माझी ओपीडी सकाळी होती आणि मी ‘दर पंधरा दिवसांनी या’ सांगत होते. फी कितीही कमी ठेवली तरी तिच्या दृष्टीने माझा दवाखाना महागच होता.

दुसरी गोष्ट तर मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. ठरलेल्या दिवशी न येणाऱ्यांच्या तारखा पाणी यायच्या दिवसांशी जुळत होत्या. आपल्या शहरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातली बाई हलत नाही, हलू शकत नाही. ज्यांच्याकडे मोठी टाकी आणि मोटार आहे त्यांना हा दिवस इतर दिवसांसारखाच. ज्यांच्याकडे फक्त पिंप आणि घागरी आहेत त्यांचा तो दिवस पाण्याचाच. तेव्हापासून आमच्या पत्रिकेत शिक्षण आणि उत्पन्नाच्या शेजारी ‘घरात पाणी साठवायची सोय’ असा रकाना आहे. आर्थिक स्थिती मोजायला तो उत्पन्नापेक्षा खरा ठरतो, कारण उत्पन्न कुणी नीट सांगत नाही आणि टाकी दिसते.

उपाय फार मोठे नव्हते. या रुग्णांसाठी संध्याकाळची वेळ, बीपी आटोक्यात असेल तर एकदम महिन्याच्या गोळ्या, आणि तारीख चुकली की आठवड्यात फोन. देशपातळीवर २०१७ पासून चाललेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही हेच आहे: ठरलेला सोपा उपचारक्रम, महिन्याच्या गोळ्या, न आलेल्यांची यादी. आमच्याकडे गळती कमी झाली. किती, ते इथे लिहीत नाही, कारण एका दवाखान्याचा आकडा सुटा फिरू लागला की त्याचा नियम बनतो. तुमच्या भागात सकाळ आड येत नसेल, कामाची पाळी आड येत असेल. यंत्रमागावर बारा तासांच्या पाळ्या असतात. रात्रपाळीच्या मधुमेही माणसाला ‘सकाळी नाश्त्याआधी गोळी’ सांगितलं तर त्याची सकाळ नेमकी कोणती? हा प्रश्नही संशोधनाचाच आहे आणि आपल्या शहरात तो विचारायला माणसं दारात उभी आहेत.

विषमता मोजताना एक गोष्ट फार जपा. समजा (हे आकडे निव्वळ उदाहरणाचे) तुमच्या उपक्रमाआधी सुस्थितीतल्या शंभरांपैकी ६० जणांचा बीपी आटोक्यात होता आणि गरिबांतल्या २० जणांचा. उपक्रमानंतर ते ८० आणि ३० झाले. गरिबांमध्ये निम्म्याने वाढ झाली, सुस्थितीतल्यांमध्ये फक्त एक तृतीयांश. अहवालात कुणीही लिहील, ‘गरिबांना जास्त फायदा’. पण दरी ४० होती ती ५० झाली. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून दोन्ही छापा. फक्त एकच छापणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका येते. ब्राझीलचे सेझार व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की नवी आरोग्यसेवा आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोचते, त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते. ती मिटते कधी? तर वरचे लोक जास्तीत जास्त जिथे पोचू शकतात तिथे पोचल्यावर आणि मग खालचे हळूहळू वर आल्यावर. म्हणजे सरासरी सुधारली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी गट वेगळे करून पाहायलाच हवेत.

आता जातीचा रकाना. हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पहिल्याच अभ्यासात अडेल. आपल्या शहरात पेठ, भाषा आणि धंदा यांवरून जात बरीचशी कळते, म्हणून डॉक्टर लोक ‘विचारायची गरज नाही’ म्हणतात. माझं मत उलट आहे. अंदाजाने लिहिलेली जात हा आपलाच पूर्वग्रह असतो. विचारायची असेल तर उघड विचारा, का विचारतोय ते सांगा, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा, आणि तो रकाना उपचाराच्या केसपेपरवर ठेवू नका, अभ्यासाच्या वेगळ्या फॉर्मवर ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न असतोच. तो नसता तर बालमृत्यू किंवा रक्तक्षयातली जातीनिहाय तफावत कुणाला दाखवताच आली नसती. न विचारल्याने फरक नाहीसा होत नाही, फक्त कागदावरून जातो.

संमतीचं मात्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. तुम्ही समोरच्या बाईच्या डॉक्टर आहात. तिच्या बाळाला रात्री दोन वाजता तुम्ही पाहिलेलं आहे. ती तुम्हाला ‘नाही’ म्हणणार नाही आणि तुम्ही त्याला स्वेच्छेची संमती म्हणाल. म्हणून माझ्या अभ्यासांत मी स्वतः कधीच संमती घेत नाही. उपचाराशी संबंध नसलेली दुसरी व्यक्ती घेते, आणि कोण ‘नाही’ म्हणालं हे अभ्यास संपेपर्यंत मला सांगत नाही. दुसरं म्हणजे फॉर्मची भाषा. तेलुगू बोलणाऱ्या बाईसाठी तेलुगू फॉर्म छापला की झालं, असं अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीला वाटतं. आपल्याकडे घरी तेलुगू बोलणाऱ्या अनेकींना तेलुगू लिपी वाचता येत नाही. शिकलेल्या असतील तर मराठीत शिकलेल्या, नसतील तर कुठलीच लिपी नाही. तिला तिच्या बोलीत वाचून दाखवावं लागतं, आणि ऐकल्यावर तिने स्वतःच्या शब्दांत काय समजलं ते सांगावं लागतं. यात वेळ जातो, तो आखणीतच धरा.

नैतिक समितीची मंजुरी लहानात लहान अभ्यासालाही घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा, विशेषतः असुरक्षित गटांवरचा भाग. खासगी दवाखान्याला स्वतःची समिती नसते, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाशी नातं जोडावं लागतं. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. अशा महाविद्यालयाच्या पीएसएम विभागाला बाहेरच्या, रोज ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरची गरज असते आणि तुम्हाला संख्याशास्त्र जाणणाऱ्याची. माझ्या पाहण्यात अशी जोडी बहुतेकदा टिकते, जर लेखकांच्या नावांचा क्रम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवला तर. आयसीएमआरच्या अल्पमुदतीच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीतून एमबीबीएसचे विद्यार्थी दोन महिन्यांचं काम करतात. तुमच्या नोंदींवर त्यांना काम द्या. त्यांना पहिला प्रकल्प मिळतो, आणि घरोघर गेलेला विद्यार्थी पुढे वेगळा डॉक्टर होतो.

पैशांचं स्पष्ट सांगते. आपल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत फॅमिली मेडिसिनचा विभागच नाही, त्यामुळे ‘फॅमिली मेडिसिनमधला संशोधक’ अशी नोकरी शोधायला गेलात तर निराश व्हाल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना द्यायचं म्हटलं आहे, पण जागा हळूहळू निघताहेत. म्हणून पोट ओपीडीवर, संशोधन आठवड्यातल्या ठरलेल्या वेळात. माझी गुरुवारची दुपार राखीव आहे, त्या दुपारी दवाखाना बंद असतो आणि घरातल्या सगळ्यांना ते मान्य आहे. छोटं अनुदान मिळालं तर त्यातला मोठा वाटा नोंदी ठेवणाऱ्या मदतनीस मुलीच्या पगाराला द्या. संगणक आणि सॉफ्टवेअर नंतर. औषध कंपन्यांच्या ‘अभ्यासां’साठी तुम्हाला बोलावणी येतील, दर फॉर्ममागे पैसेही मिळतील. त्यातले बरेचसे विक्रीचे बहाणे असतात, प्रश्न त्यांचा असतो आणि तुमचे रुग्ण त्यांचे आकडे होतात. मी ते घेत नाही. तुम्हीही घेऊ नका असं आग्रहाने सांगेन, कारण एकदा वस्तीत ‘डॉक्टरांना आपल्या मागे पैसे मिळतात’ असं पसरलं की तुमच्या खऱ्या अभ्यासाला दार उघडत नाही.

प्राथमिक सेवेतला हा अभ्यास फक्त गोळ्यांचा असतो असंही समजू नका. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झारखंडमधला एक अभ्यास आला. क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिला तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचं ४८ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एवढ्यावर. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचं हे काम बरीच वर्षं रुग्णांची वजनं नोंदवण्यातून उभं राहिलं. आपण दवाखान्यात वजन करतो का? वजनकाटा असतो, नोंद नसते. दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून एवढं एक जरी केलंत तरी दोन वर्षांनी तुमच्याकडे विचारायला काहीतरी असेल.

निष्कर्ष छापण्याआधी ज्यांच्याबद्दल आहेत त्यांना सांगा, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गल्लीत. आमच्या एका बैठकीत बायकांनी सांगितलं की वसाहतीचं नाव पेपरात घालू नका, मुलींच्या लग्नाला अडचण येते. आम्ही काढलं. संख्या लहान असेल तर धंदा, वय आणि पेठ एकत्र छापली की शेजारच्याला माणूस ओळखता येतो, हे शहरातल्या मोठ्या संस्थांतल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या येतं, कारण आपण त्या शेजाऱ्यालाही तपासतो. याच बैठकांत पुढचे प्रश्नही मिळतात. तंबाखूच्या धुळीने होणाऱ्या खोकल्याचा आमचा अभ्यास एका बाईने ‘बीपीचं झालं, आता छातीचं बघा’ म्हटल्यावर सुरू झाला.

पीएचडीबद्दल. लगेच नको. आधी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनपद्धतीचे ऑनलाइन अभ्यासक्रम करा, ते दवाखाना चालवून होतात. साथरोगशास्त्राची गोडी लागली तर एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विचार करा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र या विषयासाठी चांगलं आहे, पण त्यासाठी गाव सोडावं लागेल, तेव्हा दवाखाना सुरू करण्याआधी जा, नंतर नाही. पहिला पेपर भारतीय फॅमिली फिजिशियन अकादमीच्या नियतकालिकाकडे पाठवा. २०१२ पासून ते निघतं आणि त्यांना आपल्यासारख्या दवाखान्यांची भाषा कळते. काही नियतकालिकं छापायचे पैसे घेतात, आणि काही फक्त पैसेच घेतात. ईमेलवर ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून आमंत्रण आलं तर ते दुसऱ्या प्रकारातलं समजा.

दवाखाना सुरू होऊन रुग्ण जमले की पहिला प्रश्न म्हणून तिथले मधुमेहाचे रुग्ण घ्या. तीन महिन्यांत न आलेल्यांची यादी काढा, धंदा आणि पाण्याची सोय लिहा, आणि त्यातल्या शक्य तितक्यांच्या घरी जाऊन का आला नाहीत ते विचारा. तो कागद घेऊन कुठल्याही गुरुवारी दुपारी माझ्याकडे या, आपण दोघं बसून छेद शोधू.